उधारीच्या कूलरची हवा

मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. भंडाऱ्याला नोकरी लागली आणि क्रेडिट कार्डासाठी एका बँकेतून फोन आला. पलीकडची मुलगी म्हणाली, "अभिनंदन, सर." तोवर मला कोणी सर म्हटलं नव्हतं. नाही म्हणणं जमलंच नाही. असं माझं तीन बँकांनी अभिनंदन केलं. एका कार्डावर मोबाइल आला, दुसऱ्यावर फ्रीज आणि आसगावहून आईबाबांना राहायला आणलं तेव्हा तिसऱ्यावर कूलर.

पगार बिलांना पुरेनासा झाला, तेव्हा मी शिकलेल्या माणसासारखा हिशोब मांडला. मोबाइलच्या कार्डाचं व्याज सगळ्यांत जास्त, म्हणून ते आधी फेडायचं. मग फ्रीज. कूलर शेवटी. हा क्रम मी जेवताना अभिमानानं सांगितला. या वस्तू उधारीच्या आहेत, हे आईला तेव्हाच कळलं.

गावात असताना उधारीची साडी तिनं पैसे फिटेपर्यंत कधी अंगाला लावली नव्हती. ती पेटीतच राहायची. त्याच नियमानं आई कूलरसमोरून उठली आणि दारापुढच्या छपरीत जाऊन बसली. फ्रीजचं पाणीही सोडलं. मे महिना होता. डोक्यावर ओला दुपट्टा, हातात वारा घ्यायला पुठ्ठा. पुठ्ठा कूलरच्याच खोक्याचा आहे, हे मी तिच्या लक्षात आणून दिलं. खोका फुकटात आला, असं ती म्हणाली.

बाबा मात्र कूलरपुढून हलले नाहीत. हवा उधारीची की नगदीची, हे अंगाला कळत नाही, असं त्यांचं म्हणणं.

मी आईला समजावलं की पैसा सगळा एकच. मोबाइलचं कार्ड आधी फेडलं तर आपलाच फायदा आहे. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"मंग मी मोबाइलची हवा खाऊ का, बाबू?"

तिच्या मानेवर घामोळं उठलं होतं. माझ्या हिशोबात घामोळ्याला जागा नव्हती. त्या पगारापासून मी क्रम उलटा केला. पैसे भरले की छपरीत जाऊन सांगायचो. ती मान डोलवायची आणि पुठ्ठा हलवत राहायची.

कूलर फिटला तेव्हा पौष लागला होता. बाबा सकाळपासून अंगणात ऊन खात बसले होते. आईनं कूलरवरचं पोतं काढायला लावलं, टाकीत पाणी भरायला लावलं, स्वेटरवर शाल घेतली, कानाला रुमाल बांधला आणि खुर्ची ओढून समोर बसली.

"लाव."

मी बटण दाबलं. आईचे दात वाजायला लागले, पण फोटो काढायला बसल्यासारखी ती ताठ होती. बाबा दारातून डोकावले.

"अवं, निमोनिया होईन."

"माह्या पोराच्या पैशाची हवा आहे. खाऊ द्या मले."

थोड्या वेळानं तिनंच कूलर बंद करायला सांगितला आणि आता पाळी कोणाची, असं विचारलं. मी पुन्हा मोबाइल म्हणालो, व्याजाचं सांगायला लागलो.

"फ्रीज," शाल आवळत ती म्हणाली. "उन्हाळ्याच्या आत."