चौथ्या चौकटीत कोण पडतो

भाऊसाहेबांनी माझं नाव ब्लेडने खरवडलं.

दाढीचं अर्धं ब्लेड. कात्रणं कापायला ते त्यांच्या टेबलाच्या खणात कायम असायचं. त्यांनी माझं चित्र समोर सपाट धरलं, उजव्या कोपऱ्यातली माझी सही पाहिली, आणि चहाचा घोट घेत घेत घासायला लागले. कागद जाड होता, शाई सहज निघाली. मग त्यांनी फुंकर मारली. माझ्या नावाचा भुगा उडून माझ्याच शर्टावर पडला.

"चित्र झकास आहे," ते म्हणाले. "पण हे आडनाव वाचलं की लोक हसायचे थांबतात. खाली श्रीरंगचं नाव टाकू."

श्रीरंग म्हणजे त्यांचा पुतण्या. त्याला पट्टी धरूनही सरळ रेघ मारता येत नव्हती.

मी शर्ट झटकला आणि म्हणालो, "हो भाऊसाहेब." असंच म्हणालो. राग आला नाही तेव्हा, लाज वाटली. चुकून कुणाच्या जागेवर बसल्यासारखी. त्या लाजेचा राग आज येतो.

जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला होता, त्याच सुमाराची ही गोष्ट. भाऊसाहेबांचा पेपर भंडाऱ्यातून निघायचा. नव्या जिल्ह्यात दुसरे पेपर निघायला लागले, तसं यांना रविवारी काहीतरी वेगळं हवं झालं. मी तेव्हा लाखनीला हायवेच्या कडेला बोर्ड रंगवायचो, ट्रकच्या मागे मोर आणि वाघ काढायचो. भाऊसाहेबांची गाडी एका ट्रकमागे अडकली. त्यावरचा माझा वाघ त्यांना हसताना दिसला म्हणे. शोधत आले आणि मला उचलून घेऊन गेले.

चार चौकटींची हसवणूक हवी होती, दर रविवारी. मी झिंगरू कोतवाल काढला.

माझा बाप गावचा कोतवाल. तलाठ्याचं दप्तर वाहायचं, दवंडी द्यायची, तहसीलचे कागद घरोघर पोचवायचे. आमचं घर छप्पनपासून बौद्ध. देव गेले, पण कोतवालकी राहिली, कारण पोट राहिलं. मी चित्र शिकलो ते तहसीलच्या रद्दी फॉर्मांच्या पाठीवर. म्हणून कोतवाल काढायला बसलो तेव्हा हात आपोआप बाबाकडेच गेला. त्याचे ते सुपासारखे कान, एक खांदा खाली टाकून चालणं, काखेतली वही. माझा झिंगरू हुशार होता. पहिल्या तीन चौकटींत पाटील त्याला राबवायचा आणि चौथीत तोंडावर पडायचा. लाखांदूरपासून तुमसरपर्यंत लोक एसटीत पेपर एकमेकांना दाखवून हसायचे. नाव श्रीरंगचं.

छपाईच्या अंधाऱ्या खोलीत एक मोठा कॅमेरा होता. चित्राचा फोटो त्यावर निघायचा, मग छपाई. तो कॅमेरा चालवणारे काका एकदा मला म्हणाले, "कच्चं काहाडाचं तं फिक्या निळ्या पेन्सिलीनं काहाड. कॅमेऱ्याले निळं दिसत नाही. खोडाले लागत नाही."

कॅमेऱ्याला निळं दिसत नाही. हे मी लक्षात ठेवलं. त्या आठवड्यापासून प्रत्येक चित्रात, झिंगरूच्या सदऱ्याच्या चुण्यांमध्ये, मी निळ्या पेन्सिलीने माझं पूर्ण नाव लिहायला लागलो. माझं, बापाचं, आडनाव. भाऊसाहेब चष्मा लावून फक्त कोपरा तपासायचे. तिथे सही नाही ना, एवढंच. झालं की चित्र कॅमेऱ्याखाली आणि तिथून कपाटात.

वर्षभराने भाऊसाहेबांनी मला बोलावलं. पाटलाच्या पडण्यावरून कुणीतरी कुरकुर केली होती.

"कोतवाल दर वेळी जिंकतो कसा रे? आता चौथ्या चौकटीत तो पडला पाहिजे. चिखलात, शेणात, कुठेही."

मी पाडला. इथे मला स्वतःला सूट द्यायची नाही. घरी कारणं होती, ती सगळ्यांच्याच घरी असतात. मी माझ्या हाताने माझ्या बापाचे कान चिखलात रुतवले, धोतर फाडलं, पाटलाची काठी पाठीत घातली. आणि चांगलं काढलं. वाईट काढायची अक्कलही तेव्हा सुचली नाही.

गावात बाबाला लोक झिंगरू म्हणायला लागले. आधी पोट्टे, मग मोठे, मग तलाठीसुद्धा. बाबा दवंडी द्यायला उभा राहिला की एखादा मागून ओरडायचा, "झिंगरू, पड!" आणि सगळा चौक हसायचा.

एका रविवारी मी घरी गेलो. बाबाने ग्रामपंचायतीतून आणलेला पेपर माझ्यासमोर ठेवला. बोट चौथ्या चौकटीवर.

"हा मीच होय ना?"

मी मान हलवली.

"मंग दर इतवारी मले काहून पाडून राहिला, बेटा?"

आवाज चढलेला नव्हता. नुसतं विचारलं. तहसीलदाराला विचारावं तसं, अदबीने. बापाने आपल्या पोराला अदबीने विचारलं, ते मला थोबाडीत मारल्यापेक्षा जास्त लागलं.

सोमवारी मी भाऊसाहेबांसमोर उभा राहिलो. "कोतवाल आता पडणार नाही. आणि खाली माझं नाव येईल."

ते हसले. "मग तू जा. कोतवाल इथंच राहील. तो पेपरचा आहे."

मी निघालो. पुतण्याला काढता येत नव्हतं, म्हणून त्यांनी जुनीच चित्रं फिरवून फिरवून छापली. बाबा दर रविवारी पडतच राहिला. मी लाखनीला परत बोर्ड रंगवत होतो. ट्रकच्या मागे वाघ काढताना एकच विचार असायचा, हा माणूस मला एकदा सगळ्यांसमोर हवा आहे.

तो दिवस त्यांनीच आणून दिला. झिंगरूचं पुस्तक काढायचं ठरलं, श्रीरंगच्या नावाने. तोवर कॅमेरा भंगारात गेला होता, स्कॅनर आला होता. श्रीरंगला पुस्तक दिमाखदार हवं होतं, मूळ कागदाच्या पिवळट रंगासकट. कपाटातली सगळी चित्रं त्याने रंगीत स्कॅन करवली. एकही निरखून पाहिलं नाही. ज्याने काढलं त्यालाच ठाऊक असतं कुठे काय आहे. मशीनवर बसणाऱ्या ऑपरेटरला मी नंतर भेटलो, तो म्हणाला, "मले दिसलं होतं ना. पण मले कोनी इचारलंच नाही."

भंडाऱ्यात हॉल भरला होता. मी बाबाला घेऊन शेवटच्या रांगेत बसलो. पाहुणे म्हणून एक निवृत्त हेडमास्तर होते. श्रीरंग माईकवर म्हणाला, "झिंगरू मला कल्पनेतून सुचला." टाळ्या पडल्या. मग हेडमास्तरांनी पुस्तक उघडलं. म्हातारा शिस्तीचा, वही तपासावी तसं डोळ्याजवळ धरून पाहायला लागला.

"इथे सदऱ्यावर निळं काहीतरी लिहिलंय," ते म्हणाले. पान उलटलं. "इथेही आहे. आणि इथेही." आणि माईकमध्ये, हजेरी घ्यावी तसं, त्यांनी माझं पूर्ण नाव वाचलं. बापासकट. आडनावासकट.

बाबा ताडकन उभा राहिला.

"हजर, साहेब."

आयुष्यभर साहेबाने कागदावरून त्याचं नाव वाचायचं आणि त्याने उभं राहायचं. हे नाव आपल्याला हाक मारायला नाही, हे त्याला कसं कळावं? सगळा हॉल मागे वळला. ते कान. तो एका बाजूला पडलेला खांदा. हसू फुटायला लागलं होतं, ते मध्येच विरलं. लोक पुस्तकाकडे पाहायचे आणि परत बाबाकडे.

भाऊसाहेबांनी माईक ओढला. "तो मुलगा आमच्याकडे नुसत्या चौकटी आखायचा. बसा, बसा खाली."

मी बसलो नाही. चालत पुढे गेलो. स्टेजवर पांढरा फळा होता, श्रीरंग शेवटी झिंगरू काढून दाखवणार होता. मी मार्कर त्याच्या हातात दिला. "काढा. माझा बाप समोर उभा आहे, बघून काढा."

त्याने टोपण काढलं. फळ्याकडे पाहिलं. भाऊसाहेबांकडे पाहिलं. टोपण परत लावलं.

मग मी काढलं. चार चौकटी. पहिलीत भाऊसाहेब ब्लेड घेऊन. दुसरीत खरवडताना. तिसरीत फुंकर मारताना, गाल फुगवून. चौथीत त्याच भुग्यावरून पाय घसरून उताणे, चष्मा एकीकडे, ब्लेड एकीकडे. खाली माझं पूर्ण नाव, मोठ्या अक्षरांत.

हॉल हसला. आडनाव वाचून हसला, थांबला नाही. भाऊसाहेबांचा चेहरा मी तेव्हा नीट पाहून घेतला. रेघ न् रेघ. पुढे कामाला येणार होता.

आठवड्याने निरोप आला. दुसऱ्या आवृत्तीत 'चित्रसाहाय्य' म्हणून माझं नाव बारीक अक्षरांत घालतील. मी निरोप्याला चहा पाजला आणि परत पाठवला.

आता मी दुसऱ्या पेपरात काढतो. दर रविवारी, चार चौकटी. बाबाचे कान आहेत, काखेतली वही आहे. आणि एक संपादक आहे, गाल फुगवणारा. चौथ्या चौकटीत तो पडतो. कधी चिखलात, कधी शेणात, कधी स्वतःच्याच मांडवात. भंडाऱ्यात भाऊसाहेब रस्त्याने निघाले की पोट्टे मागून गाल फुगवतात म्हणे. त्यांनी बाबाकडेही माणूस पाठवला होता, पोराला समजावा म्हणून.

बाबा परवा म्हणाला, "पुरे झालं ना बेटा आता. म्हातारा मानूस हाय तो. कितीक पाडशीन?"

बाबाचं मन मोठं आहे. माझं नाही, आणि मला ते मोठं करायचंही नाही. ज्या चौकात बाबाला "पड" म्हणून ओरडले, त्या चौकात पेपर पोचतो तोवर मी काढणार.

या रविवारचं चित्र तयार आहे. तो पडला आहे. खाली माझं पूर्ण नाव आहे, काळ्या शाईत. ज्याला खरवडायचं असेल त्याने ब्लेड घ्यावं आणि घरोघर जावं.