अण्णांच्या वहीतला पहिला नंबर

सिनेमातल्या माणसांचा इतक्या मनापासून राग करणारा माणूस आमच्या घरमालकांखेरीज मी दुसरा पाहिलेला नाही, आणि दुसरा पाहायची आता माझ्यात ताकदही उरलेली नाही. हेब्बाळ तळ्याच्या अलीकडच्या एका गल्लीत त्यांचं दुमजली घर आहे. वर ते राहतात, खाली आम्ही भाड्यानं. मूळचे निपाणीकडचे, पण सारी हयात बेंगळुरात गेल्यामुळे मराठी बोलता बोलता मध्येच 'ठीक'ला 'सरी' आणि 'थोडं'ला 'स्वल्प' येऊन जातं आणि त्यांच्या ते गावीही नसतं. सगळी गल्ली त्यांना अण्णा म्हणते, त्यांच्या बायकोला अक्का म्हणते, म्हणून आम्हीही म्हणतो.

आता राग म्हणजे खलनायकाचा राग नव्हे बरं का. खलनायकाबद्दल त्यांना आदर आहे. "तो काय करतोय? आपली ड्यूटी करतोय. खून करतो म्हणतोय आणि करतोय. शब्दाला पक्का माणूस की ओ!" त्यांच्या डोक्यात तिडीक जाते ती दुसऱ्याच मंडळींनी. स्वतःच्या विनोदावर स्वतःच आधी हसणारा नायकाचा मित्र. पंगतीला नावं ठेवत ठेवत चौथा लाडू उचलणारी आत्या. पाहुणा म्हणून येऊन घरातल्या माणसांना खुर्चीवरून उठवणारा मेहुणा. आणि खास करून, पोरीच्या लग्नाला सिनेमाभर 'नाही' म्हणून शेवटच्या पाच मिनिटांत डोळे पुसत 'हो' म्हणणारा बाप. "हेच म्हणायचं होतं तर तीन तास आमचे कशाला खाल्लास रे?" असं ते पडद्याला विचारतात. पडदा उत्तर देत नाही, म्हणून मग मला विचारतात.

मी घर बघायला आलो तेव्हा त्यांनी पगार विचारला नाही, मांसाहार करता का विचारलं नाही. चष्म्यावरून बघत म्हणाले, "सिनेमात तुम्हाला कोण अजिबात चालत नाही?" मी पुण्याचा, आयटीतला, गडबडलो आणि "व्हिलन" म्हणालो. त्यांचा चेहरा असा पडला की घर हातचं गेलं असंच मला वाटलं. तेवढ्यात माझी बायको म्हणाली, "मला ते सारखे शहाणपण शिकवणारे शेजारी चालत नाहीत." अण्णांनी लगेच किल्ली तिच्या हातात दिली. माझ्या नाही, तिच्या. आजही भाड्याच्या घराचा विषय निघाला की ती मला याची आठवण करून देते.

ह्या सगळ्याच्या मुळाशी त्यांची नोकरी आहे. अण्णा एका सरकारी कारखान्यात इन्स्पेक्शनला होते. कारागिरानं ड्रॉइंग बघून मशीनवर केलेला सुटा भाग त्या ड्रॉइंगशी ताडून मोजायचा, बरोबर असेल तर पास करायचा, चुकला असेल तर त्यावर लाल रंग लावायचा. पण लाल रंग उगाच लावता येत नसे. नाकारायचं तर वहीत कारण लिहायचं, आणि ज्यानं तो भाग केला त्याला बोलावून चूक समोर दाखवायची. हा नियम अण्णांनी रिटायर होताना घरी आणला. त्यांच्याकडे एक जाड रेघांची वही आहे. तीत सिनेमातली सगळी नकोशी माणसं लिहिलेली आहेत, राग जितका जास्त तितका वरचा नंबर, प्रत्येकासमोर लाल पेन्सिलीनं कारण. 'ताटातून दुसऱ्याचा पापड घेतो.' 'रडणाऱ्या बाईला, तुझ्यापेक्षा माझं दुःख मोठं असं सांगतो.' मी ती वही चाळली आहे आणि दोन-तीन ठिकाणी मला माझ्याच ऑफिसातली माणसं दिसली.

तपासल्याशिवाय काही घ्यायचं नाही ही सवय बाहेरही सुटलेली नव्हती. हॉटेलात इडली आली की आधी बोटानं दाबून बघणार. माझ्या हातातल्या पेपरात काय आहे ते खांद्यावरून वाचणार, आणि त्यांचं वाचून झालं की पान उलटणारही तेच. भाजीच्या गाडीवर तर साक्षात कारखाना. भेंडीचं टोक मोडायचं, गाजर वाकवायचं, आणि वाटाण्याची शेंग उघडून दोन दाणे खायचे, मान हलवायची, आणि शेंग पुन्हा नीट मिटवून ढिगात ठेवून द्यायची. गाडीवाली बाई दुसरीकडे बघायची. मीही दुसरीकडे बघायचो. करणार काय, घरमालक!

त्यांच्याबरोबर सिनेमाला जाणं म्हणजे सत्त्वपरीक्षा. एकदा मॉलमधल्या थेटरात पडद्यावरच्या मेहुण्याला ते इतक्या जोरात "थू तुझ्या!" म्हणाले की पुढच्या रांगेतला पोरगा मका खाता खाता ठसकला आणि माफी मागू लागला. त्याला वाटलं, आपल्यालाच म्हणाले. अण्णांनी त्याच्या पाठीवर थोपटलं आणि म्हणाले, "तू खा रे, तू पास आहेस."

तर अशा ह्या माणसाच्या एकुलत्या एका मुलीनं, वैजूनं, लग्न ठरवलं. मुलगा देवनहळ्ळीचा, मंजुनाथ नावाचा, वैजूच्याच ऑफिसात. वडिलांची द्राक्षाची शेती होती, तिथे आता प्लॉट पडलेत. कन्नड घरातला म्हणून अण्णांची काही तक्रार नव्हती, तेवढं त्यांचं मन मोठं आहे. मुलगा रविवारी आला, घरच्या झाडाचं डोक्याएवढं पपनस घेऊन. वैजूनं शिकवलेलं "नमस्कार अण्णा, बरे आहात ना?" त्यानं एका दमात म्हटलं. अण्णांनी त्याच्याकडे बघितलं आणि ते दारातच थिजले. चहा होईपर्यंत त्याच्या तोंडाकडेच बघत राहिले. तो गेल्यावर म्हणाले, "रिजेक्ट."

"का ओ?" अक्कांनी विचारलं.

"ह्याला मी कुठंतरी बघितलोय. एक बाई रडत होती आणि हा तिच्यासमोर दात काढत उभा होता. माझ्या डोळ्यांनी बघितलोय."

"कुठं?"

"तेच तर आठवेना!"

आणि मग सुरू झाला तपास. बँकेत असेल म्हणून ते बँकेत जाऊन आले. इथल्या शिवाजीनगरच्या बसस्टँडवर भांडण बघितलं होतं एकदा, तिथलाच असेल म्हणून तिथल्या दुकानदारांना विचारून आले. दुकानदार बिचारे काय सांगणार? पण अण्णांची खात्री दर दिवशी वाढत चालली. मुलगा वाईट आहे, आणि वाईट असल्याचा साक्षीदार मी आहे, असं ते गेटवर उभे राहून इस्त्रीवाल्यालासुद्धा सांगू लागले.

गुरुवारी संध्याकाळी वैजू खाली आमच्याकडे आली आणि सोफ्यावर बसून ढसाढसा रडली. "दादा, त्यांनी नाही म्हटलं तर मी त्यांना दुखवून लग्न नाही करणार. आणि त्याच्याशिवाय दुसऱ्या कुणाशीही नाही करणार," ती म्हणाली. मग तिनं खरं काय ते सांगितलं. मंजुनाथ शनिवार-रविवारी कन्नड सिनेमांत बारीकसारीक कामं करतो. गेल्या वर्षी त्यानं एका सिनेमात विधवा बाईच्या घरात ठाण मांडून बसलेल्या दिराचं काम केलं. अण्णांनी तो सिनेमा दोनदा बघितला होता.

"मग सांग की त्यांना!" मी म्हणालो.

"कशी सांगू? तो वहीत पहिल्या नंबरावर आहे!"

मी कपाळाला हात लावला. पण मला भयंकर रागही आला. पोरगी रडून अर्धी झालेली आणि हा माणूस इस्त्रीवाल्यापुढे साक्ष देतोय! मी तडक वर गेलो आणि म्हणालो, "अण्णा, मुलगा रिजेक्ट केलात, ठीक आहे. कारण लिहिलंत का वहीत?"

ते चपापले. नियम तो नियम. वही काढली, कोरं पान शोधण्यासाठी पानं उलटू लागले, आणि एका पानावर त्यांचा हात थांबला. "सापडला!" ते लहान मुलासारखे ओरडले. "हाच की ओ! हाच तो दीर!" इतके दिवस आठवत नव्हतं ते आठवल्याचा आनंद इतका होता की बाकीचं सगळं कळायला त्यांना थोडा वेळ लागला. कळल्यावर ते खाली बसले. मला वाटलं, आता हसतील, सुटलो. पण अण्णाच ते.

"मग तर अजिबात नको," ते म्हणाले. "आतून तसा असल्याशिवाय माणूस बाहेर तसा दिसतोय होय? खोटं असतं तर मला इतका राग आला असता काय?"

पण मीही हट्टाला पेटलो होतो. "कारण लिहिलंत, सरी. पण ज्यानं केलं त्याला बोलावून चूक समोर दाखवायची, हाही नियम आहे ना तुमचा?"

अण्णांनी पेन्सिल वहीत ठेवून वही मिटली. मग म्हणाले, "रविवारी बोलवा त्याला."

रविवारी मंजुनाथ आला तो घामानं डबडबून. अण्णा टेबलामागे बसलेले, समोर वही. अक्का स्वयंपाकघराच्या दारात. वैजू त्याच्या खुर्चीमागे उभी, पांढरीफटक. बोलणं कन्नडात झालं. मला समजलं तेवढं माझ्या भाषेत सांगतो.

"चूक पहिली," अण्णांनी वाचलं. "दुसऱ्याच्या हातातला पेपर वाचतोस. बरं वाचतोस तर वाचतोस, पानही तूच उलटतोस."

"हो सर."

"चूक दुसरी. समोर आलेली इडली बोटानं दाबून बघतोस. लोकांना शिसारी येते."

"हो सर."

"आणि तिसरी." इथं अण्णांचा आवाज चढला. "ती गरीब बाई भाजी विकायला बसलीय. तू तिच्या पाटीतली वाटाण्याची शेंग घेतोस. उघडतोस. दोन दाणे खातोस. आणि शेंग मिटवून, मिटवून रे, परत ठेवतोस! इतका हलकट माणूस मी जन्मात बघितलो नाही. हे तुला कुणी सांगितलं करायला? डायरेक्टरनं?"

मंजुनाथनं मान वळवून वैजूकडे बघितलं.

"नाव सांग."

"मी सांगितलं, अण्णा," वैजू म्हणाली. "डायरेक्टर त्याला म्हणाले होते, लोकांना राग येईल असं काहीतरी तुझं तू कर. त्याला सुचेना. मग मी त्याला तुमचं सांगितलं. तुम्ही गाडीवर करता ते. पेपरचं, इडलीचं पण."

अण्णांनी आधी वैजूकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी नेहमीप्रमाणे दुसरीकडे बघितलं. शेवटी त्यांनी अक्कांना विचारलं, अगदी हळू, "मी शेंग मिटवून ठेवतो?"

"लगीन झाल्यापासून ठेवताय," अक्का म्हणाल्या.

अण्णांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. वही स्वतःकडे ओढली आणि आपण लिहिलेलं कारण पहिल्यापासून शेवटपर्यंत पुन्हा एकदा वाचलं. मग लाल पेन्सिल बाजूला ठेवून त्यांनी खिशातलं निळं पेन काढलं.

"ह्या पोराची चूक नाही," ते म्हणाले. "ड्रॉइंगच चुकलेलं होतं. कारागिरानं ड्रॉइंगप्रमाणे केलंय. तंतोतंत केलंय." आणि पहिल्या नंबरासमोर त्यांनी 'पास' असं लिहून खाली सही केली.

वैजू त्यांच्या गळ्यात पडली. मंजुनाथला काही कळलं नाही, तो आणखी एकदा "हो सर" म्हणाला. माझ्या जिभेवर आलं होतं, की अण्णा, सिनेमाभर 'नाही' म्हणून शेवटच्या पाच मिनिटांत... पण त्यांचे डोळे बघितले आणि जीभ आवरली.

लग्न झालं. वैजू देवनहळ्ळीला गेली, तिथून कॅबनं ऑफिसला जाते. पुढच्या सिनेमात मंजुनाथला सज्जन मास्तरांचं काम मिळालं. अण्णांना ते पसंत पडलं नाही. "हात राखून केलंय," म्हणाले. पण थेटरात हल्ली ते ओरडत नाहीत. एखादं नकोसं माणूस पडद्यावर आलं की पुढं वाकून, हनुवटी हातावर ठेवून त्याच्याकडे बघत बसतात, ओळखीचं कुणी निघतंय का ते शोधल्यासारखे. मला ते 'थू तुझ्या' आठवतं आणि चुकल्या चुकल्यासारखं वाटतं. खरं सांगतो, तसं वाटेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

परवा सकाळी गाडीवर भेटले. वाटाणा नुकताच आला होता. सवयीनं त्यांनी शेंग उचलली, उघडली, दोन दाणे तोंडात टाकले. बोटं शेंग मिटवायला लागली आणि मध्येच थांबली. त्यांनी उरलेले दाणे खाल्ले आणि रिकामी टरफलं शर्टाच्या खिशात घातली. गाडीवाल्या बाईनं बघितलं. त्यांनी अर्धा किलो घेतला, भाव न करता.

गेटपाशी आल्यावर म्हणाले, "वैजू लहान असताना रोज यायची माझ्याबरोबर गाडीवर. बोट धरून. सातवीत गेली आणि यायची बंद झाली."

"हो का?"

"मला वाटायचं, अभ्यास असेल," अण्णा म्हणाले, आणि कडी लावून, ती नीट बसली का ते दोनदा बघून, वर गेले.