दार न वाजवता येजो

आमच्या मॅडम स्वतःच्या घराचं दारसुद्धा वाजवून आत शिरायच्या. स्कूटर गल्लीच्या तोंडाशी बंद करायची, ढकलत आणायची, कडी हलकेच खुळखुळवायची आणि मग म्हणायचं, "अहो, मी आली." आत सर, म्हणजे त्यांचे यजमान, असत. त्यांचं हृदय नाजूक, त्यांनी दचकू नये म्हणून हा सगळा खटाटोप.

त्या वर्ध्याला शरीरक्रियाशास्त्र शिकवायच्या. मी त्यांच्या हाताखाली संशोधनाला आले, तेव्हा माझा तिथे निभाव लागेल असं कुणालाच वाटलं नाही. मी जन्माची धांदरट आणि आवाज भाजीबाजारात शोभेल असा. आल्या आल्याच माझ्या हातून काचेचा चंबू फुटला. मॅडम रागावल्या नाहीत. मला स्टुलावर बसवून म्हणाल्या, "काऊन घाबरून राह्यली? तुह्या हृदयातल्या पेशी आता काय करून राह्यल्या, ते पाहू चाल."

सूक्ष्मदर्शकाखाली उंदराच्या हृदयाची एक पेशी होती, विटेसारखी लांबट. मॅडमनी अ‍ॅड्रेनॅलिनचा, म्हणजे घाबरल्यावर अंगात सुटणाऱ्या रसाचा, थेंब सोडला. पेशी जोरजोरात आकसू लागली आणि थोड्या वेळाने किंचित बारीक झाली. "भ्याली बिचारी," मॅडम म्हणाल्या. मग समजावू लागल्या. पेशीच्या अंगावर रिसेप्टर असतात, त्या तिच्या दाराच्या कड्या. अ‍ॅड्रेनॅलिन येऊन कडी वाजवतं आणि आत धावपळ उडते. कॅल्शियम आत शिरतं, पंप सोडियम बाहेर फेकतो, इतर क्षारांच्याही वाटा उघडतात. "अन् मीठ निघालं का पाणी मागं थांबत नाई." कधी पेशी सुकायची, कधी उलट फुगायची. बाहेर कोणता क्षार किती आहे, त्यावर ते ठरायचं. ते उलगडण्यात मॅडमची हयात गेली.

सर गेले ते दुपारच्या झोपेतच, कुणी न दचकवता. मूलबाळ नव्हतं. निवृत्त झाल्यावर मॅडम आंजी गावातल्या घरी एकट्याच राहायला गेल्या. एकदा आम्ही दोघी बाजारातून परतलो, तर कुलूप काढण्याआधी त्यांनी कडी खुळखुळवली. "अहो, मी आली." माझ्याकडे बघून ओशाळं हसल्या.

पुढे त्यांचंच हृदय कुरकुरू लागलं. डॉक्टरांनी रोजची गोळी दिली. "हे कडीवरच ठाण मांडून बसते," त्या सांगायच्या. "अ‍ॅड्रेनॅलिन आलं तरी त्याले वाजवायले जागाच नाई."

त्यानंतर मी गेले, तेव्हा त्यांनीच लावलेल्या शिस्तीने कडी हळूच वाजवली. मॅडम एकदम चिडल्या. त्यांचा चढलेला आवाज मी तेव्हाच ऐकला. "वाजवू नोको वं! पुढच्या टायमाले दार न वाजवता येजो. चांगली ओरडत येजो. कोणी आलं अन् छाती धडधडली, असं लय दिवसात झालं नाई."

पुढच्या खेपेला मी दार धाडकन ढकललं आणि "मॅडम!" अशी आरोळी ठोकली, की अंगणातली कबुतरं उडाली. त्या तुरीची डाळ निवडत होत्या. त्यांनी माझा हात ओढून आपल्या मनगटावर ठेवला. आम्ही दोघी थांबलो. नाडी आपली संथच चालली होती.

"नाई धडधडलं," त्या म्हणाल्या. "गोळी लय इमानदार हाय." पण त्यांचे डोळे भरून आले होते.

आता मॅडम नाहीत. मी नागपुरात एकटीच राहते. दिवसा दार नुसतं लोटून ठेवते, आतून कडी घालत नाही. कुणी न वाजवता आलंच, तर मला दचकायचं आहे.