नव्या कुरणातली गांडुळं

गावच्या निम्म्या माळावर नांगर फिरवून दुभत्या जनावरांसाठी संकरित गवत लावलं, त्याला दोन पावसाळे झाले. उरलेला माळ नांगरायचा का, हे उद्या ग्रामसभेत ठरणार आहे. नांगरटीनं गांडुळं मेली, हे तिथे दाखवायला मेंढ्या राखणाऱ्या ठकूमावशीला घेऊन मी नव्या कुरणात खड्डा खणला. ओंजळभर मातीत सात-आठ गांडुळं वळवळली.

“मेली म्हनत हुतास न्हवं?” मावशी हसली. मग वाकून म्हणाली, “पर ही आपली न्हाईत रं. ही खताच्या गाडीतनं आल्याली. आपलं काळं, जाड असतंय. खोल बीळ करतंय, त्यातनं पानी मुरतंय.”

मी दमून बांधावर बसलो. वस्ती उठवून दुसरी माणसं आणली तरी गजबज तशीच दिसते. मेलेल्यांसाठी घोषणा देता येते. बदललेल्यांसाठी सुचत नाही.

“मावशी, उद्या सभेत हे तूच सांग.”

“मी? हसतील की मला!”

इतकी पत्रकं काढली मी या माळासाठी. एकही ओळ तिला विचारून लिहिली नव्हती.