उघडी राहिलेली स्क्रीन
टँकरच्या ओल्या रबरी पाइपाचा वास आला की मला कारखान्यातली सर्व्हरची खोली आठवते. दुष्काळाचं वर्ष होतं, घरी न्यायचं पाणी कारखान्याच्या गेटवरच मिळायचं, आणि सगळ्यांच्या कॅन तिथं रांगेत असायच्या. त्या सकाळी मी सर्व्हरवर एक नवी सेवा सुरू केली. कन्नड गावातल्या गोदामातला संगणक तिलाच विचारून गेटपासचा प्रोग्रॅम कुठं आहे ते शोधायचा. ती बंद पडली की गेटपास निघायचे नाहीत आणि तिथले ट्रक अडकायचे. कॅन पुढं सरकवून आलो, तर सेवा बंद. पुन्हा सुरू केली, पुन्हा कॅन सरकवून आलो, पुन्हा बंद. मी डोकं धरून बसलो, तेव्हा शेजारचे निवृत्तीला आलेले ऑपरेटर म्हणाले, "तुमी स्क्रीन उघडी टाकून जाता, साहेब. मीच साइन ऑफ करतो दर बारीला. कुणी कायबी केलं तर नाव तुमचंच यील ना?" सेवा माझ्याच स्क्रीनवरून चालत होती, साइन ऑफ होऊन स्क्रीन बंद झाली, की सेवाही बंद. भांडायलाही त्राण नव्हतं. तिसऱ्यांदा सुरू करून मी संध्याकाळपर्यंत खुर्ची सोडली नाही. ट्रक सुटले, टँकर रिकामा होऊन गेला, आणि मी कोरडी कॅन घेऊन मुकुंदवाडीला घरी आलो. आता अशा सेवा आपोआप सुरू होतात. पाण्यासाठी मात्र मला अजून उठावंच लागतं.