जावयाचा झेंडा

आमच्या हिच्या मामांइतका आशावादी माणूस नारायण पेठेत आजवर झाला नाही, आणि पेठेचा एकंदर स्वभाव पाहता यापुढेही होईल असं वाटत नाही. शेजाऱ्याचा मुलगा बोर्डात आला तर "पेपर सोपे होते म्हणे यंदा" अशी जिथे दाद देतात, तिथे हा गृहस्थ गेली कित्येक वर्षं रोज सकाळी, दात घासायच्याही आधी, आपला फुटबॉल क्लब यंदा वरच्या डिव्हिजनमध्ये जाणार असं जाहीर करत आला आहे. क्लब होता शहराच्या लीगमधल्या तिसऱ्या डिव्हिजनमध्ये. तिसरीच्या खाली त्या काळी काहीच नव्हतं. तिसरीच्या खाली थेट प्रेक्षक. पण मामा उजव्या हाताची बोटं एकेक करून मिटत हिशेब मांडायचे. "यंदा दुसरी. पुढच्या वर्षी पहिली. मग सुपर डिव्हिजन, तिथे दोन वर्षं धरा, उगाच घाई नको. मग राज्य. आणि मग कलकत्ता!" कलकत्त्यापाशी, म्हणजे फुटबॉलच्या पंढरीपाशी, अंगठा मिटायचा, मूठ पुरी व्हायची आणि ती मूठ ते टेबलावर अशी हाणायचे की कपबशा उडत. कलकत्त्याची मॅच थंडीत असणार याची त्यांना इतकी खात्री होती, की त्यांनी मामींकडून एक मरून रंगाचा स्वेटर आगाऊ विणून घेतला होता. तो डांबराच्या गोळ्या घालून कपाटात वाट बघत बसलेला असे. विणताना मामी एवढंच म्हणाल्या होत्या, "वर जायची एवढी हौस आहे ना, मग गच्चीत जा आणि पापड काढून आणा."

माझी आणि त्यांची गाठ पडली ती मी मुलगी पाहायला गेलो तेव्हा. मी विदर्भातून नुकताच पुण्यात आलेला, एका लहानशा सॉफ्टवेअर कंपनीत चिकटलेला. ती नोकरी म्हणजे नक्की काय, हे त्या वेळी मुलीच्या वडिलांना कळत नव्हतं आणि खरं सांगायचं तर मलाही पुरतं कळत नव्हतं. त्यामुळे पगार, घर, आई-वडील या प्रश्नांची मी तयारी करून गेलो होतो. कोपऱ्यातल्या खुर्चीवरून मामांनी पहिला प्रश्न टाकला, "डोळे कसे आहेत?" मी म्हटलं, "चांगले आहेत. चष्मा नाही." "लांबचं दिसतं?" "दिसतं." "तिरकं पळता येतं का?" पोह्यांच्या बशा घेऊन आत येणारी मुलगी दारातच थबकली. मुलीचे वडील खाकरले. मी चांगल्या घरातला मुलगा असल्यामुळे उठलो आणि दिवाणापासून कपाटापर्यंत तिरकं पळून दाखवलं. मामा सासऱ्यांना म्हणाले, "माझ्याकडून पसंत!" झालं होतं असं, की खालच्या डिव्हिजनमध्ये रेफ्री लीगचा असे, पण मैदानाच्या कडेने झेंडा घेऊन पळणारे दोन्ही बाजूंचे लाइन्समन ज्या त्या क्लबने आपापले आणायचे, असा रिवाज होता. मामांचा जुना लाइन्समन गुडघ्यांमुळे निकामी झाला होता. लोक जावयाला शालजोडी देतात, घड्याळ देतात. मला लग्नानंतरच्या पहिल्या रविवारी एक पिवळा झेंडा मिळाला. "जावईबापू," मामा म्हणाले, "मान मोठा आहे. आपल्या माणसाची बाजू घ्यायची नाही, एवढंच पथ्य."

बुधवार पेठेत त्यांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. देशात तेव्हा रंगीत टीव्हीचा आणि केबलचा सुळसुळाट झाला होता, गल्लीत गिऱ्हाइकांची रीघ लागे. पण मामा गिऱ्हाइकाच्या हातातल्या वस्तूकडे आधी बघतच नसत. काउंटरवरून वाकून ते त्याच्या पोटऱ्या बघत. पोटऱ्या भरलेल्या दिसल्या की विचारत, "रेडिओ राहू द्या. पळता का?" अशा रीतीने त्यांनी एक बँकेचा शिपाई, दोन इंजिनिअरिंगचे विद्यार्थी आणि एक पाववाला क्लबात ओढला होता. सगळ्यात मोठा मासा म्हणजे मांजरी गावचा एक उसाचा शेतकरी. वडिलांचा ट्रान्झिस्टर घेऊन आला होता. मामांनी पोटऱ्या पाहिल्या आणि त्यांचा आवाजच बदलला. "फुटबॉल खेळला आहेस?" तो म्हणाला, "शाळंत. पर आता ऊस तुटायला आलाय, मामा. टाइम कुटं हाय?" मामांनी ट्रान्झिस्टर जप्त केला आणि दर रविवारी मॅच खेळून गेल्यावर एक भाग बसवायचा, असा दुरुस्तीचा कार्यक्रम आखला. ट्रान्झिस्टर सुरू व्हायला दीड वर्ष लागलं. तोवर मांजरीकराने इतके गोल केले होते, की विरोधी संघ त्याला बघून आपसात भांडायचे, याला धरायचं कुणी म्हणून.

आणि मग ते वर्ष आलं. काय वर्ष होतं! आम्ही एकामागून एक मॅचेस जिंकत सुटलो. पेठेतले लोक, ज्यांना फुटबॉल हा पायाने खेळतात याचाच मुळात राग होता, तेही दुकानाशी थांबून "काय, चढताय म्हणे?" असं विचारू लागले. मामी स्वेटर उन्हात टाकताना दिसल्या; हा तर चमत्कारच होता. शेवटची मॅच उरली. जिंकलो तर दुसरी डिव्हिजन, बरोबरी झाली तर समोरचा संघ वर जाणार. मामांनी त्या सकाळी करंगळी मिटली ती मिटलीच. दिवसभर चहाचा कपही चार बोटांनी धरत होते.

आता जे सांगायचं ते मी इतकी वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं, हिलासुद्धा नाही. मॅच संपायला जेमतेम पाच मिनिटं होती, एकही गोल झाला नव्हता. मी माझ्या बाजूने तिरका पळत होतो. माझ्या कमरेला कंपनीचा पेजर होता. ऑफिसातून कुणाला अमेरिकेला पाठवायचं हे त्या आठवड्यात ठरणार होतं आणि मी तीन रात्री झोपलो नव्हतो. पेजर वाजला. मी खाली बघितलं. 'ऑफिसला फोन कर' एवढंच होतं, पण ते मी दोनदा वाचलं. आरडाओरडा ऐकून मान वर केली तेव्हा चेंडू घेतलेला मांजरीकर गोलकीपरसमोर एकटाच दिसला. पास सुटला त्या क्षणी तो शेवटच्या बचावपटूच्या पुढे होता की रेषेत, हे मी पाहिलंच नव्हतं. पण मी लाइन्समन होतो, काहीतरी करणं भाग होतं. आणि झेंडा खाली ठेवला तर जावयाने बाजू घेतली असं होईल, ही भीती होती. मी झेंडा वर केला. चेंडू जाळ्यात गेला आणि शिट्टी झाली. ऑफसाइड. गोल रद्द. मॅच बरोबरीत सुटली.

मांजरीकर धावत माझ्याकडे आला. "जावई, मी लाइनीत व्हतो की!" सगळी पोरं माझ्यावर चालून आली. तेवढ्यात मामा मध्ये पडले. त्यांचे डोळे भरलेले होते, पण आवाज खणखणीत होता. "खबरदार! जावयाने झेंडा वर केला म्हणजे ऑफसाइड होता. आपल्याच माणसाविरुद्ध झेंडा उचलायला छाती लागते!"

मी अमेरिकेला गेलो. इकडे मामांनी माझी ख्याती पसरवली. लग्नात, मुंजीत, दुकानात, रिक्षात. "क्लब वर गेला नाही, पण असा लाइन्समन सगळ्या लीगमध्ये नाही!" मी चार वर्षांनी परत आलो तर अनोळखी माणसं मला नमस्कार करत होती. मी नमस्कार घेत होतो. प्रत्येक नमस्कारागणिक सांगावंसं वाटायचं आणि प्रत्येक वेळी जमायचं नाही.

तो संघ पुन्हा जमला नाही. इंजिनिअरिंगचे दोघे बंगलोरला गेले, शिपाई बदलीवर गेला, मांजरीत उसाच्या जागी इमारती आल्या आणि मांजरीकर स्वतःच एका इमारतीचा मालक होऊन पोट सुटून बसला. मामांचा उत्साह मात्र तसूभर कमी झाला नाही. लीगमध्ये संघ वाढले आणि तिसरीच्या खाली चौथी डिव्हिजन काढली, तेव्हा ते पेढे घेऊन आमच्याकडे आले. "जावईबापू, जागचे न हलता आपल्या खाली एक मजला बांधला गेला! म्हणजे आपण वर गेलो की नाही?" पुढच्याच वर्षी आम्ही त्या नव्या मजल्यावर राहायला गेलो. मामा म्हणाले, "झेप घ्यायची तर आधी दोन पावलं मागं यावंच लागतं."

दुकानात आता मोबाइल दुरुस्त होतात. मामांच्या नजरेला बारीक कामं होत नाहीत. ते काउंटरवर बसून पोटऱ्या बघतात. हिंजवडीत काम करणारी पोरं फुटलेल्या काचा घेऊन येतात आणि क्लबात भरती होऊन जातात. यंदा त्या पोरांनी कमाल केली. शेवटची मॅच जिंकली की चौथीतून तिसरीत, म्हणजे जिथून निघालो तिथे परत. पण मामांची करंगळी सकाळपासून परत मिटलेली होती. त्या दिवशी आमचा नेहमीचा लाइन्समन आला नाही म्हणून, की मामांच्या हट्टामुळे, कोण जाणे, पण झेंडा परत माझ्याकडे आला. पन्नाशी उलटलेला, पोट सुटलेला मी. मामांनी पोरांना गोळा केलं. "हे आमचे जावई. यांनी आपल्याच टीमचा गोल नाकारला होता. माणूस बघून घ्या!" एक पोरगा म्हणाला, "रिस्पेक्ट, अंकल!" आणि त्याने माझा हात हातात घेतला. तेव्हा मात्र मला ते सहन झालं नाही. मी मामांना बाजूला नेलं.

"मामा, त्या दिवशी मी बघत नव्हतो."

"कुठल्या दिवशी?"

"मांजरीकराच्या गोलाच्या. पेजर वाजला म्हणून मी खाली बघितलं. वर बघितलं तर तो एकटा दिसला, म्हणून झेंडा वर केला."

मामांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत लावला. "म्हणजे ऑफसाइड नव्हता?"

"माहीत नाही. खरंच माहीत नाही, मामा."

"म्हणजे नसेलही?"

"नसेलही."

ते घडीच्या खुर्चीवर बसले. मग हळूच म्हणाले, "घरोघर सांगत हिंडलो हो मी." मला वाटलं, जमिनीने मला पोटात घ्यावं. पण तेवढ्यात त्यांचा उजवा हात वर आला, बोटं उघडली आणि करंगळी नव्याने मिटली. "म्हणजे जावईबापू, आपण तेव्हाच दुसरीत गेलो होतो!" चेहरा असा उजळला, की बघणाऱ्याला वाटावं नुकतीच शिट्टी झाली. त्यांनी खिशातून मोबाइल काढला, नंबर लावला आणि मांजरीकराला मोठ्या आवाजात सांगितलं, "अरे, तुझा गोल होता! जावई स्वतः सांगतायत!" पलीकडून तो म्हणाला, "जावई सांगत्यात? बरं झालं, मामा. माज्या पोराला सांगतो. त्याला वाटतंय म्या थापा मारतोय."

मी झेंडा पुढे केला. "आज दुसऱ्या कुणाला द्या."

"का? तेव्हा कमरेला पेजर होता. आता काय आहे?"

"मोबाइल."

"आणा इकडे." त्यांनी तो आपल्या सदऱ्याच्या खिशात टाकला आणि खिशाला वरून सेफ्टी पिन लावली. "पळा आता तिरके."

मी पळालो. गुडघे बोलत होते, छातीचा भाता झाला होता, पण नजर मी हलवली नाही. पापणीसुद्धा जपून मिटत होतो. शेवटच्या काही मिनिटांत आमच्या पोराला पास सुटला तेव्हा तो बचावपटूच्या बरोबर रेषेत होता, खांद्याला खांदा. मी ते पाहिलं. आयुष्यात फार थोड्या गोष्टी मी इतक्या स्वच्छ पाहिल्या आहेत. चेंडू आत गेला. विरोधी संघ माझ्या नावाने ओरडू लागला, रेफ्रीने माझ्याकडे बघितलं. पलीकडच्या बाजूला मामा उठून उभे होते. तिथून, त्या नजरेने, त्यांना मी दिसणं शक्यच नव्हतं. "झेंडा?" ते ओरडले. "झेंडा कुठाय?" आणि आमची सगळी पोरं एका सुरात ओरडली, "खाली!"

आम्ही तिसरीत गेलो. पोरांनी मामांना खांद्यावर घेतलं आणि मग घाबरून लगेच खाली ठेवलं. रिक्षात मामांनी परत बोटं उघडली. "आता दुसरी. मग पहिली. मग सुपर, तिथे दोन वर्षं धरा..." तर्जनीपाशी ते थांबले. रस्त्याकडे बघत मनाशी कसलीतरी बेरीज केली. अंगठा मिटला नाही. घरी पोचल्यावर त्यांनी मामींना कपाट उघडायला लावलं, मरून स्वेटर काढला, झटकला आणि माझ्या अंगाला लावून बघितला.

"कलकत्त्याला तुम्ही घेऊन जा," ते म्हणाले. "थोडा ढगळ होईल. आतून जाड शर्ट घालत जा."