ब्लूबेरीच्या कुंड्या आणि आप्पांचं ताक

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मांडवगणचे नाही.

शाळेतून निवृत्त झाल्यावर काहीतरी खूळ हवं म्हणून मी गच्चीवर कुंड्यांत ब्लूबेरी लावली. तिला आंबट माती लागते, आणि आमचं बोअरचं पाणी पक्कं क्षाराचं, आंबटाच्या अगदी उलट. पानं पिवळी पडली. मग शिकलो — बादलीभर पाण्यात ॲसिडचे मोजून थेंब टाकायचे, कागदाची पट्टी बुडवून रंग बघायचा, मगच पाणी घालायचं. झाडं तरारली.

शेजारच्या आप्पांनी विचारलं, "मास्तर, काय घालता वो?" ॲसिड म्हणालो असतो तर गावात कुणी फळाला हात लावला नसता. म्हणालो, "ताक." दुसऱ्या दिवशी आप्पा तांब्याभर ताक घेऊन दारात हजर.

आप्पा एकटेच. ते आणि त्यांची म्हातारी गाय. एकदोनदा मी ताक घातलंही — कुंड्यांना वास सुटला, चिलटं झाली. तेव्हापासून रोज मोरीत ओततो. तीन वर्षं. सांगणार होतो हो — पण कुठल्या तोंडानं? ते पाव्हण्यांना गच्चीवर आणून सांगतात, "आमच्या गाईच्या ताकावर वाढल्यात." आता मी नळ सोडून ओततो, आवाज जाऊ नये म्हणून.

इथवर थापच होती. पुढचं सांगायला जड जातंय.

दिवाळीनंतर त्यांची मुलगी त्यांना दौंडला न्यायला आली. आप्पांना नीट दिसत नाही, दोनदा गोठ्यात पडले. ते अडून बसले — "मी आलो तर मास्तरांच्या झाडांस्नी ताक कोण घालणार?" ती माझ्याकडे वळली. माझीच विद्यार्थिनी. "सर, तुम्हीच सांगा, ताकाबिगर जगणार न्हाईत का ही झाडं?"

नुसतं 'जगतील' म्हणायचं होतं. आप्पा माझ्याकडे बघत होते. कशाला भ्यालो मी — एका म्हाताऱ्या माणसासमोर खोटा पडायला? म्हणालो, "ताक लागतंच गं."

तिनं मान डोलावली. एकटीच एसटीत बसून गेली.

आज सकाळी आप्पा भिंत चाचपडत जिना चढून आले. अर्धं ताक पायऱ्यांवर सांडलं होतं. "उद्या भरून आणतो," म्हणाले.

मी बरं म्हणालो.